आईवडील आणि मुले : पवित्र शास्त्राची शिकवण व कायद्याच्या तरतुदी

नाताळच्या सप्ताहात येणाऱ्या पवित्र कुटुंबाच्या सणाला बेनसिराच्या ग्रंथातील तिसरा अध्याय आपल्या कानी पडतो. जो आईवडिलांचा आदर करतो त्याची प्रार्थना परमेश्वर ऐकतो आणि पित्याची बुद्धी म्हातारपणी क्षीण झाली तरी मुलाने त्याला सांभाळून घ्यावे, असा त्या अध्यायाचा आशय आहे. याच ग्रंथाचा तेहतिसावा अध्याय मात्र आपल्यापैकी फारच थोड्यांच्या परिचयाचा असेल. तेथे हाच ज्ञानी लेखक मुलांशी नव्हे, तर आईवडिलांशी बोलतो. हयात असेपर्यंत आपली मालमत्ता कोणाच्याही, अगदी पुत्राच्याही हवाली करू नये, नाही तर पुढे त्याच्याच दारी हात पसरण्याची वेळ येईल, असा इशारा तो देतो. वाटणी करायची ती आयुष्याच्या अखेरीस करावी, असे त्याचे सांगणे आहे.

एका अध्यायात प्रेमाचे कर्तव्य आणि दुसऱ्यात व्यवहाराची सावधगिरी, अशा दोन्ही गोष्टी एकाच ग्रंथात आहेत. या दोहोंत विसंगती नाही, असे आम्हांला वाटते. आईवडील आणि मुले यांच्या नात्यात ज्याच्या हाती बळ आहे त्याच्यावर कर्तव्य येते आणि जो दुर्बळ आहे त्याला संरक्षण मिळते, हे पवित्र शास्त्राचे सूत्र आहे. आपल्या देशाचा कुटुंबविषयक कायदाही निरनिराळ्या वाटांनी त्याच सूत्राकडे येत आहे. प्रस्तुत लेखात या दोहोंचा एकत्र विचार करण्याचा आमचा प्रयत्न आहे.

कामोठ्यासारख्या वसाहतीत या विचाराची गरज अधिक आहे. गाव जुने असले तरी सिडकोच्या नियोजनातून उभ्या राहिलेल्या आजच्या कामोठ्यात बहुतेक कुटुंबे बाहेरून येऊन स्थायिक झाली आहेत. भाऊबंद, शेजारपाजार आणि गावची वडीलधारी मंडळी मागे राहिली. अनेक घरांची आयुष्यभराची पुंजी एका सदनिकेत गुंतलेली आहे. मुले नोकरीनिमित्त दूर गेली किंवा घरात बेबनाव झाला की कोणाकडे जावे, हे आईवडिलांना कळत नाही आणि संकोचामुळे ते कोणाला विचारतही नाहीत.

चौथ्या आज्ञेचा अर्थ

कॅथोलिक परंपरेनुसार दहा आज्ञांतील चौथी आज्ञा आईवडिलांचा मान राखण्याविषयी आहे (निर्गम २०:१२, अनुवाद ५:१६). परमेश्वराविषयीच्या तीन आज्ञांनंतर शेजाऱ्याविषयीच्या आज्ञा सुरू होतात, त्यांत हिला पहिले स्थान दिलेले आहे. मान राखणे यासाठी मूळ हिब्रू भाषेत जो शब्द आहे त्याच्या धातूचा अर्थ 'वजनदार असणे' असा होतो. आईवडिलांना वजन देणे, त्यांना हलके न लेखणे हा या आज्ञेचा गाभा आहे. ही आज्ञा मुख्यतः लहान मुलांसाठी आहे असे आपण समजतो. वस्तुतः दहा आज्ञा प्रौढ इस्राएली समाजाला दिलेल्या होत्या. ज्यांचे आईवडील थकले आहेत अशा कर्त्या मुलांना ती प्रथम लागू पडते. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षेच्या ग्रंथातही (परिच्छेद २२१८) मोठ्या झालेल्या मुलांनी वृद्धापकाळात, आजारपणात व एकाकीपणात आईवडिलांना शक्य तितका भौतिक आणि मानसिक आधार द्यावा, असे स्पष्ट केले आहे.

या आज्ञेत आई आणि वडील दोघांचाही उल्लेख आहे, याकडेही लक्ष द्यावे. लेवीय १९:३ मध्ये तर आईचा उल्लेख आधी येतो. ज्या काळी कुटुंबाची सारी सत्ता पित्याच्या हाती होती, त्या काळातील ही वचने आहेत. पुढे वारसाहक्काचा विचार करताना हा मुद्दा आपल्याला पुन्हा लागेल.

मुले ही मालमत्ता नव्हेत

अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायात उद्दाम मुलाविषयीचा एक कठोर नियम आहे आणि तो वाचताना आज आपण दचकतो. परंतु आसपासच्या प्राचीन समाजांच्या पार्श्वभूमीवर त्यातील एक गोष्ट विशेष ठरते. पित्याला स्वतःच्या मर्जीने मुलाला शिक्षा देण्याची मुभा तेथे नाही. आई आणि वडील दोघांनी मिळून नगराच्या वडीलजनांपुढे यावे लागते. पित्याच्या सत्तेवर समाजाची देखरेख येते. नव्या करारात संत पौल मुलांना आज्ञापालन शिकवतो आणि लगेच पुढच्याच ओळींत पित्यांनी मुलांना चीड आणू नये, असे बजावतो (इफिसकरांस ६:१-४). कर्तव्य दोन्ही बाजूंनी आहे.

भारतात ख्रिस्ती कुटुंबातील अज्ञान मुलांच्या पालकत्वाचे प्रश्न पालक व पाल्य अधिनियम, १८९० अन्वये, तर विवाहविच्छेदाच्या दाव्यातील ताब्याचे प्रश्न १८६९ च्या घटस्फोट कायद्याच्या कलम ४१ ते ४४ अन्वये सोडवले जातात. दोन्हीकडे मुलाचे हित हा निर्णायक निकष आहे. एका ख्रिस्ती दांपत्याच्या वादात, १९७३ च्या रोझी जेकब खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने मुले ही आईवडिलांची मालमत्ता वा खेळणी नव्हेत, असे स्पष्ट केले. पालक नेमताना न्यायालय मुलाचे वय, लिंग व धर्म, होणाऱ्या पालकाचे चारित्र्य आणि मृत आईवडिलांनी व्यक्त केलेली इच्छा या गोष्टी पाहते. मूल समजत्या वयाचे असेल तर त्याचे म्हणणेही विचारात घेतले जाते. २०१० च्या दुरुस्तीनंतर जिवंत व पात्र पित्याप्रमाणेच जिवंत व पात्र मातेलाही डावलून त्रयस्थ पालक नेमता येत नाही. २००१ साली घटस्फोट कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार, दावा चालू असताना मुलांच्या निर्वाहासाठी व शिक्षणासाठी केलेला अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावयाचा असतो.

२०१५ सालचा आणखी एक निकाल आपल्या समाजाने जाणून घ्यावा असा आहे. एका अविवाहित ख्रिस्ती मातेने आपल्या मुलाच्या पालकत्वासाठी अर्ज केला होता. पित्याचे नाव सांगून त्याला नोटीस दिल्याशिवाय अर्ज ऐकता येणार नाही, अशी खालच्या न्यायालयांची भूमिका होती. सर्वोच्च न्यायालयाने ती बाजूला सारली आणि मुलाचे हित पाहून अर्जाचा विचार करण्यास सांगितले. अशा मातेने मुलाला चर्चमध्ये आणले तर आपण तिच्याकडे कोणत्या नजरेने पाहतो, याचा विचार आपण प्रत्येकाने करावा.

दत्तक मूल : बंद असलेले दार कसे उघडले

पवित्र शास्त्रात दत्तकपणाला मोठे स्थान आहे. मोशे फारोच्या कन्येचा पुत्र म्हणून वाढला, पोरक्या एस्तेरला मर्दखयाने मुलगी मानले आणि संत योसेफाने येशूला नाव देऊन आपल्या घराण्यात स्थान दिले. आपण सारे देवाची दत्तक लेकरे आहोत, असे संत पौल रोमकरांस व गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत सांगतो.

असे असूनही भारतातील ख्रिस्ती दांपत्याला कायद्याने दत्तक घेण्याची सोय दीर्घकाळ नव्हती. १९५६ चा दत्तक कायदा हिंदूंपुरता होता. ख्रिस्ती दांपत्याला १८९० च्या कायद्याखाली केवळ पालक होता येई. मूल सज्ञान झाले की ते पालकत्व संपे आणि मुलाला वारसाहक्कही मिळत नसे. घरात 'आईबाबा' म्हणून हाक मारणारे मूल कागदावर परके राहत असे.

महाराष्ट्रात हे दार न्यायालयाने उघडले. १९९९-२००० च्या सुमारास एका ख्रिस्ती दांपत्याने आधीच पालकत्वाखाली घेतलेल्या मुलाला दत्तक घेण्याची परवानगी मुंबई उच्च न्यायालयाकडे मागितली. न्यायमूर्ती फर्डिनो रिबेलो यांनी ती मान्य केली. अनाथ वा टाकून दिलेल्या मुलाला कुटुंब, नाव आणि घर मिळणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीवनाच्या हक्काचा भाग आहे, असा त्या निकालाचा आधार होता. प्रश्न दांपत्याच्या हौसेचा नव्हे, तर मुलाच्या हक्काचा ठरला. त्यानंतर बाल न्याय कायद्याने सर्व धर्मांच्या नागरिकांना दत्तक घेण्याचा मार्ग खुला केला आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्याला पुष्टी दिली. आज २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते आणि २०२२ पासून दत्तकविधानाचा आदेश जिल्हाधिकारी देतात. त्या आदेशानंतर मूल वारसाहक्कासह सर्व बाबतींत दत्तक आईवडिलांचे अपत्य ठरते.

ख्रिस्तसभेच्या धर्मनियमांतील नियम ११० नुसार, नागरी कायद्याप्रमाणे दत्तक घेतलेले मूल दत्तक आईवडिलांचेच मूल मानले जाते. नागरी कायद्यातील दार उघडले तेव्हाच हा नियम आपल्या घरांपर्यंत पोहोचू शकला. रुग्णालयातून वा ओळखीतून परस्पर मूल 'घेणे' हा मात्र गुन्हा आहे, हे ध्यानात ठेवावे.

वारसाहक्क आणि विसरलेली आई

गणनाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली मोशेसमोर उभ्या राहून पित्याच्या वतनात वाटा मागतात आणि परमेश्वर त्यांचे म्हणणे योग्य ठरवतो. महाराष्ट्रातील ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेल्या भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मध्येही मुलगा व मुलगी यांचा वाटा समान आहे. मृत्युपत्र न करता पती निधन पावला आणि मुले असतील, तर एक तृतीयांश वाटा पत्नीला आणि दोन तृतीयांश सर्व मुलामुलींना समसमान मिळतो. मुलीला लग्नात दिले म्हणून तिचा वाटा संपत नाही. केरळात त्रावणकोरच्या जुन्या कायद्यामुळे ख्रिस्ती मुलींना तुटपुंजा वाटा मिळत असे. १९८६ च्या मेरी रॉय खटल्याने ती स्थिती पालटली.

या कायद्यात एक उणीव मात्र आजही आहे. एखादा विवाहित पण निपुत्रिक मुलगा मृत्युपत्र न करता गेला, तर निम्मी मालमत्ता पत्नीला आणि उरलेली निम्मी त्याच्या पित्याला मिळते. पिता हयात असेल तर आईला काहीही मिळत नाही. पिता नसेल, तर तिला त्या मुलाच्या भावंडांबरोबर समान वाटेकरी व्हावे लागते. चौथी आज्ञा ज्या आईला पित्याच्या बरोबरीने बसवते, तिला हा कायदा मागे ठेवतो. विधी आयोगाने २०१४ च्या आपल्या २४७ व्या अहवालात ही विषमता दूर करण्याची शिफारस केली. तसेच मृत्युपत्राने अज्ञान मुलांसाठी पालक नेमण्याचा अधिकार कलम ६० मध्ये फक्त पित्याला दिलेला आहे. मातेने आपली इच्छा लेखी नोंदवून ठेवली, तर न्यायालय पालक नेमताना ती विचारात घेऊ शकते.

यावर आपल्या हातचा उपाय म्हणजे मृत्युपत्र. ते साध्या कागदावर करता येते. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि ज्यांना मृत्युपत्राने काही मिळणार आहे त्यांना किंवा त्यांच्या पतीपत्नींना साक्षीदार करू नये. नोंदणी सक्तीची नाही, परंतु केलेली बरी. गृहनिर्माण संस्थेत नामनिर्देशन केले म्हणजे वारस ठरला, असा समज कामोठ्यातच नव्हे तर सर्वत्र आढळतो. नामनिर्देशित व्यक्ती आपोआप मालक होत नाही, खऱ्या वारसांचे हक्क कायम राहतात. गोव्याच्या कायद्यात मुलांचा निम्मा वाटा राखीव असतो, तसा राखीव वाटा महाराष्ट्रात नाही. पित्याच्या स्वकष्टार्जित घरावर मुलांचा जन्मसिद्ध हक्क नसतो, हे आईवडिलांनी आणि मुलांनीही समजून घ्यावे.

'कुर्बान' आणि निर्वाहाचा हक्क

मार्कच्या शुभवर्तमानातील सातव्या अध्यायात येशू परुश्यांना एका पळवाटेबद्दल फटकारतो. आईवडिलांना ज्याचा उपयोग व्हायचा ते धन 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेले, असे जाहीर केले की मुलाची जबाबदारी संपे. देवाचे नाव पुढे करून आईवडिलांना उपाशी ठेवणे येशूने अमान्य केले. आज पळवाटा निराळ्या आहेत. घराचा हप्ता, मुलांची फी, बायकोचा विरोध, परगावची नोकरी अशी कारणे पुढे केली जातात आणि कधी कधी चर्चच्या कामातील व्यग्रताही सांगितली जाते.

मुलींनाही या कर्तव्यातून सूट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली महाराष्ट्रातील एका प्रकरणात ठरवले. आरबट विरुद्ध सवाई या नावाने ते प्रसिद्ध आहे. कल्याण येथे वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या विवाहित मुलीकडे पित्याने निर्वाह मागितला होता. लग्न झाले म्हणून मुलगी मुलगी राहत नाही असे नाही, मात्र पतीच्या उत्पन्नाहून वेगळे असे तिचे स्वतःचे पुरेसे उत्पन्न असले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. ही तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. नव्या संहितेनुसार आईवडील स्वतः जेथे राहतात तेथेही अर्ज करू शकतात. परगावच्या मुलाविरुद्ध कामोठ्यातील पालकांना त्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत.

याहून सोपा मार्ग २००७ च्या माता-पिता व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्याने दिला आहे. दोन्हींपैकी एकच मार्ग निवडता येतो. या कायद्याची ठळक वैशिष्ट्ये अशी:

१) आईवडिलांना, मग ते जन्मदाते असोत, दत्तक वा सावत्र असोत, सज्ञान मुलगा, मुलगी, नातू वा नात यांच्याकडे निर्वाह मागता येतो. आईवडिलांचे वय ६० असण्याची अट नाही. निपुत्रिक ज्येष्ठाला त्याची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा ज्याला वारशाने मिळणार आहे, अशा नातलगाकडे मागणी करता येते.

२) अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या, म्हणजे प्रांतांच्या न्यायाधिकरणापुढे होतो. कामोठे नवी मुंबईत गणले जात असले तरी महसुली दृष्ट्या ते रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात आहे. म्हणून पनवेलच्या प्रांत कार्यालयात जावे.

३) स्वतः जाणे शक्य नसल्यास अधिकार दिलेली व्यक्ती किंवा नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था अर्ज करू शकते.

४) नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निर्णय अपेक्षित आहे. अपवादात्मक स्थितीत आणखी ३० दिवस मिळतात. निर्वाहाची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे.

५) ज्येष्ठ नागरिकाला टाकून देणे हा गुन्हा असून त्याला तीन महिन्यांपर्यंत कारावास वा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

बक्षीसपत्र करण्यापूर्वी

बेनसिराच्या तेहतिसाव्या अध्यायाचा इशारा येथे लागू पडतो. महाराष्ट्रात राहते घर मुलाला, मुलीला वा नातवंडांना बक्षीस देताना मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये आहे, इतर आकार वेगळे. हे स्वस्त आणि सोपे असल्यामुळे अनेक पालक हयातीतच सदनिका मुलांच्या नावे करतात. एकदा दिलेले बक्षीस सहजासहजी परत घेता येत नाही. २००७ च्या कायद्यातील कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता अट मोडल्यास परत मिळू शकते. परंतु अशी अट होती हे सिद्ध व्हावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील एका मातेच्या प्रकरणात न्यायालयाने या कलमाचा उदार अर्थ लावला, मुलाला दिलेले बक्षीसपत्र रद्द केले आणि घराचा ताबा तिला परत देण्यास सांगितले. तेथेही मुलाने सांभाळाचे वचन लेखी दिलेले होते.

तेव्हा घर हयातीत देणे भागच असेल, तर 'देणाऱ्यांचा आजन्म सांभाळ करणे आणि त्यांना या घरात राहू देणे' ही अट बक्षीसपत्रातच स्पष्ट लिहून घ्यावी. आपल्या सदनिकेच्या हस्तांतरणाला सिडकोची परवानगी लागते का, हेही आधी पाहावे. तशी निकड नसेल तर मृत्युपत्र करावे, ते मरेपर्यंत बदलता येते. मुलांवर अविश्वास दाखवण्याचा हा प्रकार नव्हे. मुलांना मोहापासून दूर ठेवणे हेही पालकांचे प्रेमच आहे.

या कायद्याचा वापर सुनेला बेघर करण्यासाठी होऊ नये, याचीही काळजी न्यायालयाने घेतली आहे. घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याने सुनेला मिळालेला निवासाचा हक्क ज्येष्ठांच्या अर्जाने आपोआप संपत नाही, असे २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. सासूसासरे दुर्बळ असतील तर त्यांना आणि सून दुर्बळ असेल तर तिला संरक्षण मिळावे, हाच त्यामागील न्याय आहे.

पोटच्या मुलाविरुद्ध अर्ज करणे पाप आहे काय?

हा प्रश्न अनेक आईवडिलांच्या मनात असतो. मत्तयच्या अठराव्या अध्यायात येशूने क्रम घालून दिला आहे. आधी एकांतात बोलावे, मग एकदोघांना बरोबर घ्यावे आणि त्यानंतर मंडळीला सांगावे. धर्मग्रामात हा क्रम पाळता येतो. प्रमुख धर्मगुरू, विश्वासातील एखादे वडीलधारे दांपत्य किंवा संत विन्सेंट डी पॉल संघटनेचे सदस्य मध्यस्थी करू शकतात. २००७ च्या कायद्यातही न्यायाधिकरण सुनावणीपूर्वी प्रकरण समेट अधिकाऱ्याकडे पाठवू शकते आणि त्याने एका महिन्यात अहवाल द्यावयाचा असतो. म्हणजे तेथेही समेटाला आधी जागा आहे.

पण समेट होत नसेल आणि आईवडिलांच्या औषधपाण्याचे हाल होत असतील, तर अर्ज करणे हे पाप नव्हे. अन्याय सहन करीत राहिल्याने मुलाचेही कल्याण होत नाही, तो आपल्या पापात अधिक खोल जातो. उधळ्या पुत्राच्या पित्याने त्याला क्षमा केली ती मनापासून, पण थोरल्या मुलाचा वाटा कापून नव्हे. क्षमा आणि न्याय एकत्र नांदू शकतात.

मोफत सल्ल्यासाठी पनवेल न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीकडे जाता येते. स्त्रिया व मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. राष्ट्रीय विधी सेवा दूरध्वनी १५१००, ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक प्रत्येक घरात लिहून ठेवावेत.

कायदा मुलाच्या खिशातून पैसे काढून देऊ शकतो, पण आईच्या उशाशी बसण्यास तो कोणाला भाग पाडू शकत नाही. क्रुसावर प्राण सोडण्यापूर्वी येशूने आपल्या आईला प्रिय शिष्याच्या हवाली केले आणि त्या शिष्याने तिला आपल्या घरी नेले, असे योहान सांगतो. मरणयातनांतही आईची सोय लावणे त्याला महत्त्वाचे वाटले. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली सुरू केलेला आजीआजोबा व ज्येष्ठांचा जागतिक दिन जुलैच्या चौथ्या रविवारी येतो. त्या दिवशी पुष्पगुच्छ देणे चांगलेच आहे. त्याआधी प्रत्येक कुटुंबाने एकत्र बसून मृत्युपत्र, औषधांचा खर्च आणि सांभाळाची वाटणी याविषयी मोकळेपणाने बोलावे, अशी आमची नम्र विनंती आहे. येशू, मरिया व योसेफ यांचे पवित्र कुटुंब आपल्या घराघरांस त्यासाठी धैर्य आणि माया देवो.